दुसरा प्रिंटर घेण्याआधी, आहे तो नीट वाटून घ्या



गेल्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला. घरातूनच ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम त्यांनी सुरू केलंय, तीन महिने झालेत. घरात तीन कॉम्प्युटर आहेत. एक त्यांचा, एक मिस्टरांचा लॅपटॉप आणि एक मुलाच्या अभ्यासाचा. प्रिंटर मात्र एकच. ताई म्हणाल्या, "सर, दुसरा प्रिंटर घ्यायचाय. बारा-पंधरा हजारांत कोणता घेऊ?"

मी विचारलं, "दिवसाला पानं किती निघतात?"

"मोजली नाहीत, पण साठ-सत्तर असतील."

"मग प्रिंटर कमी कुठे पडतो?"

"अहो सर, प्रिंटर माझ्या कॉम्प्युटरला जोडलाय ना! मिस्टरांना बिल काढायचं असलं की मला उठवतात. पोराला प्रोजेक्ट काढायचा असला की तो पेन ड्राइव्ह घेऊन येतो. समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि माझी खुर्ची माझी राहत नाही."

म्हणजे बघा, ताईंची अडचण खुर्चीची होती आणि त्या पैसे घालणार होत्या मशीनवर. असे फोन मला महिन्याला चार-पाच तरी येतात. म्हणून आज माझं मत जरा खुलासेवार लिहितो. व्हिडिओत दहा मिनिटांत सेटिंग दाखवता येतं, पण त्यामागचा विचार सांगायचा राहून जातो.

माझं मत सरळ आहे. घरातून किंवा घराला लागून असलेल्या छोट्या दुकानातून धंदा सुरू करणाऱ्याने पहिली दोन वर्षं दुसरा प्रिंटर घेऊ नये. आहे तो प्रिंटर सगळ्या कॉम्प्युटरना नीट वाटून द्यावा. आणि "नीट" या शब्दावर माझा जोर आहे, कारण मी दोन्ही चुका करून बसलोय. आधी नको असताना दुसरा प्रिंटर घेतला, आणि नंतर एकच प्रिंटर वाटला तो ढिसाळपणे वाटला. दुसरी चूक जास्त महागात पडली.

माझी पहिली चूक: हप्त्यावरचा प्रिंटर

आमचं घर वर आणि दुकान खाली. दुकानात स्टेशनरी, झेरॉक्स, फॉर्म. वरच्या मजल्यावर बायकोचा मसाल्यांचा घरगुती धंदा, धाकट्या भावाची शिकवणी आणि अण्णांचं आमच्या सोसायटीचं हिशोबाचं काम. चौघांचे चार कॉम्प्युटर. दुकान सुरू केलं तेव्हा मी बीबीए होऊन नुकताच बाहेर पडलो होतो. "कपॅसिटी वाढवा" हे वाक्य डोक्यात फिट्ट बसलेलं. म्हणून वर एक रंगीत इंक टँक प्रिंटर हप्त्यावर घेतला.

झालं काय, वरचा प्रिंटर आठवड्यातून दोनदा चालायचा. कधी तर दहा-दहा दिवस बंद. इंकजेटची एक खोड असते. तो नियमित चालला नाही की हेडच्या बारीक छिद्रांत शाई सुकते. मग प्रिंटवर पांढऱ्या रेघा येतात. मग हेड क्लीनिंग मारायचं. क्लीनिंग म्हणजे शाई हेडमधून ओढून आतल्या स्पंजच्या पॅडमध्ये टाकून देणं. म्हणजे कागदावर पडायची ती विकतची शाई आम्ही पॅडला पाजत होतो. सव्वा वर्षात मेकॅनिक दोनदा आला. हप्ते संपायच्या आत आम्ही त्या प्रिंटरवर कापड टाकून ठेवलं.

मशीन वाईट नव्हतं. रोज वापरणाऱ्याकडे तेच मशीन छान चालतं. आमच्याकडे त्याला पुरेसं काम नव्हतं, एवढंच.

हिशोब आधी करा, मग दुकानात जा

आता जरा वही-पेन घ्या. एचपी लेझरजेट १०२० हे जुनं मॉडेल आजही कितीतरी झेरॉक्स सेंटरमध्ये दिसतं. त्याचा वेग ए-फोरला मिनिटाला साधारण १४ पानं. दिवसाला १०० पानं काढली तर छपाईची वेळ झाली सुमारे ७ मिनिटं. ती १०० पानं ४० वेगवेगळ्या कामांत निघाली आणि प्रत्येक वेळी पहिलं पान बाहेर यायला १० सेकंद धरले, तर आणखी ७ मिनिटं. मिळून पाव तास.

तुमचं काम दिवसाला १० तास चालतं, म्हणजे ६०० मिनिटं. त्यातली ५८५ मिनिटं प्रिंटर नुसता बसून आहे. आणि आपण म्हणतो प्रिंटर पुरत नाही!

वाटून वापरायची ही कल्पना काही जुगाड नाही, लेझर प्रिंटर वाढला तोच असा. ॲपलने १९८५ मध्ये लेझररायटर बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत होती ६,९९५ डॉलर. एका माणसाच्या टेबलावर एवढं महाग यंत्र कोण ठेवणार? म्हणून ते पहिल्यापासूनच अनेक कॉम्प्युटरना एका वायरच्या जाळ्यातून वापरता येईल असं बनवलं होतं. आज यंत्र स्वस्त झालं म्हणून आपण प्रत्येक टेबलाला एक घ्यायला निघालो. पण टोनर, शाई, ड्रम, मेकॅनिकची फी, हे काही त्या प्रमाणात स्वस्त झालं नाही. दुसरा प्रिंटर म्हणजे दुसरं टोनर शेल्फवर, दुसरी वॉरंटी, दुसरा बिघाड आणि दुसऱ्या जातीचं सुटं सामान.

टोनरचंही सांगतो. त्या १०२० ला लागणाऱ्या १२ए कार्ट्रिजवर कंपनी २,००० पानांचा अंदाज देते. पण असे आकडे साधारणपणे पानाचा ५ टक्के भाग काळा होतो असं धरून दिलेले असतात. आपल्याकडे फोटो असलेले फॉर्म, आधारच्या गडद प्रती, काळ्या पट्ट्यांची हॉल तिकिटं. म्हणून पानं कमीच निघणार. तुमचा खरा आकडा तुमच्याच वहीत सापडतो. नवं टोनर घातलं त्या दिवशी प्रिंटरचा पेज काउंट लिहा, संपलं त्या दिवशी परत लिहा. टोनरची किंमत भागिले पानं. दोन प्रिंटरवर हा हिशोब कुणी ठेवत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. एकावर ठेवता येतो.

वाटायचे मार्ग आणि त्यातला तुमचा कोणता

पहिला मार्ग बहुतेक जण वापरतातच. पेन ड्राइव्ह नाहीतर व्हॉट्सॲप. फाइल उचलायची आणि प्रिंटरवाल्या कॉम्प्युटरवर न्यायची. याला मी वाटणं म्हणत नाही. एका कॉम्प्युटरचा व्हायरस चारही कॉम्प्युटरना वाटला जातो, तेवढंच काय ते वाटप. शिवाय गिऱ्हाइकाच्या कागदपत्रांच्या प्रती ठिकठिकाणी पडून राहतात.

दुसरा मार्ग विंडोजमधलं शेअरिंग. प्रिंटर यूएसबीने एका कॉम्प्युटरला जोडलेला आहे आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याच राउटरवर आहेत, तर एक रुपया खर्च न करता हे होतं. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे तुमचा प्रिंटर, मग प्रिंटर प्रॉपर्टीज, मग शेअरिंगचा टॅब, आणि "शेअर धिस प्रिंटर" वर टिक. नाव लहान द्या, मधे जागा सोडू नका. नेटवर्क "प्रायव्हेट" आहे आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू आहे हे बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन उलटे तिरपे स्लॅश, मुख्य कॉम्प्युटरचं नाव, परत एक उलटा स्लॅश आणि प्रिंटरचं नाव टाकलं की प्रिंटर सापडतो.

इथे चार ठिकाणी लोक अडकतात.

१. मुख्य कॉम्प्युटर चालू हवा. तो झोपला की प्रिंटर सगळ्यांसाठी झोपला. कामाच्या वेळेत त्याचा स्लीप बंद ठेवा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल.

२. पासवर्ड विचारतो आणि पिन चालत नाही. आपण रोज टाकतो तो चार आकडी पिन फक्त त्या मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मी मुख्य कॉम्प्युटरवर फक्त छपाईसाठी एक वेगळं साधं खातं करतो आणि त्याचाच पासवर्ड बाकीच्यांवर टाकतो. वैतागून पासवर्डचं संरक्षणच बंद करू नका.

३. "एरर ११बी". २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये मोठी भगदाडं सापडली होती, "प्रिंट नाइटमेअर" नावाने ती गाजली. त्यानंतरच्या अपडेट्समध्ये मायक्रोसॉफ्टने शेअरिंगचे नियम कडक केले आणि सप्टेंबर २०२१ पासून अनेकांचे चालू प्रिंटर ही एरर द्यायला लागले. तेव्हा एक "एका क्लिकमध्ये उपाय" सगळीकडे फिरला. तो उपाय म्हणजे रजिस्ट्रीत जाऊन ते नवं संरक्षणच बंद करणं. कुलूप नीट लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला प्रकार. तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं येतात, तुम्ही हे करू नका. आधी सगळे कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करा. तरी अडलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचा ड्रायव्हर नेहमीसारखा टाका, आणि पोर्ट निवडताना नवा लोकल पोर्ट करून त्यात मघाचाच पत्ता लिहा. बहुतेक वेळा काम होतं.

४. ऑल-इन-वन मशीनचं शेअरिंग केलं तरी स्कॅनर वाटला जात नाही. छपाई जाते, स्कॅन येत नाही. यूएसबीवर स्कॅन त्या एकाच कॉम्प्युटरवर होतो. ही गोष्ट घेण्याआधीच माहीत हवी.

तिसरा मार्ग म्हणजे प्रिंटरच नेटवर्कवर ठेवणं. वाय-फाय नाहीतर लॅनची वायर. यात कुठलाही एक कॉम्प्युटर मालक नसतो, चार कॉम्प्युटरपैकी एकच चालू असला तरी छापता येतं, मोबाइलवरूनही जातं. माझं ऐकाल तर पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा नेटवर्कचाच घ्या, आणि प्रिंटर राउटरजवळ असेल तर वायरनेच जोडा. वाय-फायवर ठेवायचा असेल तर एक बघा, बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडलंत तर प्रिंटरला ते दिसणारच नाही.

आणि "काल चालत होता, आज ऑफलाइन दाखवतो" ही तक्रार! बऱ्याचदा कारण एवढंच असतं की लाइट जाऊन आली, राउटर परत सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला नवा पत्ता दिला. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर चिठ्ठी पाठवत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर तोच टाका. आपल्याकडे लाइट जाणं नवं नाही, तेव्हा हे पहिल्याच दिवशी करा. लाइटवरून आठवलं, लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. गरम होताना तो एकदम जोरात वीज ओढतो. यूपीएसवर कॉम्प्युटर आणि राउटर ठेवा, प्रिंटर सरळ भिंतीवर.

काही जण विचारतात, राउटरला यूएसबीची खाच आहे, त्यात जुना प्रिंटर लावला तर? काही मॉडेल चालतात. पण तो १०२० घ्या. तो इतका कॉम्प्युटरवर अवलंबून आहे की दरवेळी चालू केला की त्याचं फर्मवेअर त्याला कॉम्प्युटरकडून भरवावं लागतं. साधा राउटर ते भरवत नाही. अशा प्रिंटरला दुसरा मार्गच बरा.

माझी दुसरी चूक: नाशिकला गेलेलं आधार कार्ड

आता जे सांगतो ते मी व्हिडिओत कधी सांगितलं नाही.

वरच्या प्रिंटरवर कापड टाकल्यावर मी शहाणा झालो. दुकानातला लेझर चौघांना शेअर करून दिला. सेटिंग अर्ध्या तासात झालं. सगळे खूश. बायको वरून पत्त्याची लेबलं सोडायची, भाऊ नोट्स सोडायचा, मी खाली गिऱ्हाइकाचे कागद काढायचो. कोण कधी काय सोडतंय याचा काही नियम नव्हता. ट्रे एकच. जो आधी येईल तो गठ्ठा उचलेल.

एके दिवशी गल्लीतले एक काका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले. त्यांच्या आधारची आणि बँक पासबुकाची प्रत मी काढली. त्याच मिनिटाला वरून बायकोची बिलं आली. पासबुकाचं पान मी उचललं, आधारचं पान खाली राहिलं. मी परत एक प्रत काढली आणि काम पुढे नेलं. थोड्या वेळाने बायको खाली आली, गठ्ठा उचलला, वर गेली, पार्सलं बांधली, कुरिअरला दिली.

तीन दिवसांनी नाशिकच्या एका गिऱ्हाईक बाईंचा तिला फोन आला. "ताई, मसाला छान आहे हो. पण बिलाबरोबर कुणाचं तरी आधार कार्ड आलंय."

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आधी मी तिच्यावरच ओरडलो, "बघून उचलता येत नाही का?" ती शांतपणे म्हणाली, "अहो, कागद माझ्या हातात आला, पण ट्रे तुम्ही ठेवलाय." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने नाशिकला गेलो, तो कागद घेतला, त्या बाईंचे आभार मानले. परत आलो आणि काकांच्या घरी जाऊन सगळं खरं सांगितलं. काका रागावले नाहीत. चहा पाजला. म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस." पण पुढच्या वर्षी दाखल्याच्या वेळी काका आमच्या दुकानासमोरून पुढच्या चौकातल्या सेंटरवर गेले. मी काउंटरवरून बघत होतो. वाईट वाटलं, पण त्यांचं काही चुकलं नाही.

हप्त्याच्या प्रिंटरने माझे काही हजार रुपये घेतले. या एका पानाने एक गिऱ्हाईक घेतलं. प्रिंटर वाटताना आपण फक्त मशीन वाटत नाही, त्यातून जाणारे लोकांचे कागदही चार जणांच्या हातात वाटतो. ते मला तेव्हा कळलं.

मग आम्ही घरात काय ठरवलं

त्या रात्री जेवल्यावर चौघं बसलो. अण्णांनी सोसायटीच्या मीटिंगसारखं वहीत लिहून घेतलं. ते नियम आजही प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवलेले आहेत.

एक, प्रिंटरचा मालक एकच. आमच्याकडे मी. टोनर, कागद, अडकलेलं पान, अपडेट, सगळं माझ्याकडे. "सगळ्यांचा प्रिंटर" म्हटलं की कागद संपल्यावर तो कुणाचाच नसतो.

दोन, गिऱ्हाईक समोर असताना निघालेलं पान मशीनमधून थेट गिऱ्हाइकाच्या नाहीतर माझ्या हातात. ट्रेमध्ये बेवारस पान दिसलं तर कुणीही वर नेणार नाही, बाजूच्या लाल फाइलमध्ये टाकेल. संध्याकाळी लाल फाइल बघायची, ज्याचं त्याला द्यायचं, उरलेलं फाडायचं.

तीन, वरची मोठी कामं दुपारी दोन ते चार. लेबलं, नोट्स, हिशोबाचे तक्ते तेव्हाच. यासाठी विंडोजमध्ये एक सोय आहे. एकच प्रिंटर दोन वेगळ्या नावांनी टाकता येतो. आम्ही एकाला "दुकान" आणि दुसऱ्याला "घर" नाव दिलं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर प्रायोरिटी १ ते ९९ देता येते. "दुकान"ला ९९, "घर"ला १. घरची कामं रांगेत थांबलेली असताना दुकानाचं काम आलं तर ते पुढे जातं. जे छापायला सुरू झालंय ते मात्र मध्ये थांबत नाही, म्हणून दोन ते चारचा नियम लागतोच. शिवाय "घर"च्या डिफॉल्टमध्ये आम्ही टोनर बचत लावून ठेवली आहे. भावाच्या नोट्स फिकट चालतात, दाखल्याची प्रत चालत नाही.

चार, ज्याने छापलं त्याने वहीत लिहायचं. तारीख, कोण, पानं. महिन्याच्या शेवटी बायकोचा मसाल्याचा धंदा त्याच्या पानांचे पैसे दुकानाला देतो. भाऊही देतो. अण्णांना माफ, कारण वही तेच तपासतात! लोक हसतात, पण यानेच आम्हाला कळलं की मसाल्याच्या एका पार्सलमागे छपाईचा खर्च किती. घरच्या घरात धंदा करताना असे खर्च पोटात घालायची सवय लागते. मग नफा कागदावर दिसतो आणि गल्ल्यात दिसत नाही.

पाच, रोज दुकान बंद करताना गिऱ्हाइकांच्या डाउनलोड केलेल्या फाइली आणि व्हॉट्सॲपवरचे कागद पुसायचे. रीसायकल बिनसुद्धा रिकामं.

सहा, वाय-फायचा पासवर्ड गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. द्यायचाच असेल तर राउटरमधलं गेस्ट नेटवर्क द्या, तिथून प्रिंटर सहसा दिसत नाही. आणि प्रिंटर घरच्या नेटवर्कवर असेल तर त्याच्या सेटिंगच्या पानाला स्वतःचा पासवर्ड लावा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एका माणसाने इंटरनेटला उघडे राहिलेले हजारो प्रिंटर शोधून त्यांच्यावर एका यूट्यूब चॅनलला सबस्क्राइब करा असा मजकूर छापला होता. मीही चॅनल चालवतो, पण सबस्क्रायबर वाढवायचा हा रस्ता मी सुचवणार नाही. सांगायचं एवढंच, की प्रिंटर हासुद्धा नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटरच आहे.

मग दुसरा प्रिंटर कधीच नाही?

असं म्हणत नाही. तीन वेळा मी स्वतः "घ्या" म्हणतो.

काम वेगळ्या जातीचं असेल तर. फोटो, रंगीत निमंत्रणपत्रिका, बारकोडची चिकट लेबलं. लेझर काळा-पांढरा असेल तर त्यातून हे होणार नाही. पण आधी ते काम बाहेरून करून घ्या, महिनाभर वही ठेवा. बाहेर दिलेले पैसे प्रिंटरच्या हप्त्याला आणि शाईला पुरतील एवढे झाले तर घ्या.

प्रिंटर बंद म्हणजे दुकान बंद अशी वेळ आली असेल तर. ॲडमिशनच्या हंगामात रोज पन्नास गिऱ्हाइकं येतात आणि मेकॅनिक दोन दिवसांनी येतो म्हणतो, तेव्हा राखीव प्रिंटर हवा. तो त्याच जातीचा घ्या, जुना चालेल, म्हणजे टोनर दोघांना एकच लागेल. टोनर पडून सुकत नाही, म्हणून राखीव ठेवायला लेझर बरा.

आणि रांग खरोखर लांब असेल तर. हे अंदाजाने ठरवू नका. पंधरा दिवस काउंटरवर एक कागद ठेवा. प्रिंटसाठी थांबावं लागून गिऱ्हाईक निघून गेलं की एक रेघ मारा. पंधरा दिवसांत दोन-तीनच रेघा असतील तर नियम बदला, मशीन नको. रोजच दोन-तीन रेघा पडत असतील तर मला फोन करायचीही गरज नाही, सरळ दुकानात जा.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. "सर, एवढे नियम घरात कोण पाळणार? त्यापेक्षा दोन प्रिंटर बरे, भांडण नको." खरं आहे, पहिला महिना कटकट होते. आमच्याकडेही झाली. भाऊ दोनदा सकाळी अकरा वाजता साठ पानांच्या नोट्स सोडून बसला होता. पण विचार करा. आज घरातल्या चार माणसांत एक मशीन वाटून घेता येत नसेल, तर उद्या दोन कामगार ठेवल्यावर गल्ला, स्टॉक आणि गाडी कशी वाटून देणार? मॅनेजमेंट मी कॉलेजात तीन वर्षं शिकलो. कामाला आली ती त्या प्रिंटरच्या भिंतीवरच्या कागदावरची.

त्या फोनवाल्या ताईंचं काय झालं? त्यांचा प्रिंटर वाय-फायवाला होता. खोक्यातून काढला तेव्हा यूएसबीची वायर लावली आणि वाय-फायचं बटण कधी दाबलंच नाही. फोनवरच वीस मिनिटांत तिन्ही कॉम्प्युटर जोडले. प्रिंटर त्यांच्या टेबलावरून उचलून राउटरजवळ ठेवला. शेवटी मी त्यांना म्हटलं, "ताई, आता बाजूला एक लाल फाइल ठेवा." त्या म्हणाल्या, "कशाला?"

म्हणून हे लिहिलं.

तुमच्याकडे दुसरा प्रिंटर घ्यायचे पैसे बाजूला काढलेले असतील तर ते तसेच राहू द्या. आज संध्याकाळी अर्धा तास काढा, आहे तो प्रिंटर सगळ्या कॉम्प्युटरवर जोडा. आणि दुसरा अर्धा तास घरच्यांबरोबर बसून नियम लिहा. जोडणीची सगळी सेटिंग्ज आपल्या व्हिडिओत आहेतच. नियम मात्र तुमचे तुम्हालाच लिहावे लागतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोब ठेवा!